ब्रेकडाउन, भूस्खलन आणि वीकनेस : भाषाशुद्धीच्या एका तक्रारीस उत्तर

मराठीच्या कैवाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकावयास मिळते, आणि ती करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला मनःपूर्वक आदर आहे, म्हणूनच तिचा प्रतिवाद चार ओळींत न उरकता सविस्तर करणे मला आवश्यक वाटते. तक्रार अशी की, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत, जेथे झाडीबोली, गोंडी, माडिया आणि वऱ्हाडी वळणाची मराठी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली, तेथे आता मनुष्य थकला, यंत्र बिघडले किंवा छत कोसळले की तोंडातून देशी शब्द निघतच नाही. एसटी ‘ब्रेकडाउन’ होते, वीजकेंद्रातला संच ‘ट्रिप’ होतो, गावचा ट्रान्सफॉर्मर ‘फेल’ जातो, खाणीत ‘रूफ फॉल’ होतो, गिरणी ‘सिक’ ठरते, जंगल ‘डिग्रेडेड’ म्हणून नोंदले जाते आणि रोवणीहून परतलेल्या बाईला ‘वीकनेस’ येतो. थकणे, दमणे, शिणणे, खंगणे, झिजणे, खचणे, ढासळणे, कोसळणे असा धातूंचा एवढा मोठा खजिना पदरी असताना परक्याच्या दारी हात पसरावयाचा हे गुलामीचे लक्षण आहे, आणि या शब्दांची हकालपट्टी करून त्यांच्या जागी शुद्ध संस्कृतोद्भव प्रतिशब्दांची स्थापना करणे हेच मराठीचे रक्षण होय, असा या तक्रारीचा निष्कर्ष असतो.

तक्रारीतील वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. शब्दाची परीक्षा त्याच्या कुळावरून करू नये. जे मोडले ते कशाने मोडले आणि ते सांभाळण्याची जबाबदारी कोणाची होती, हे तो शब्द डोळ्यांपुढे ठेवतो की झाकून टाकतो, यावरून करावी. या कसोटीस काही इंग्रजी शब्द उत्तम उतरतात, काही घातक ठरतात. आणि ज्यांना आपण शुद्ध म्हणून मिरवतो त्या संस्कृत शब्दांपैकीही काही याच कसोटीवर असे नापास होतात की त्यांची लाज वाटावी.

या वादाला मराठीत मोठी परंपरा आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या नावे प्रसिद्ध असलेला राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी फार्शी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, डबिरास सुमंत अशी नावे मिळाली. त्यांपैकी अमात्य आणि सचिव रुजले, परंतु मुख्य प्रधान हे पद पुढे शंभर वर्षे पेशवा या फार्शी नावानेच हिंदुस्थानभर गाजले, आणि तहसील, दफ्तर, फौजदार, जमाबंदी हे शब्द आजही मराठी माणसाच्या सातबाऱ्यापर्यंत सोबत करीत आहेत. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी ही चळवळ नव्या जोमाने उभारली. महापौर, चित्रपट, दिग्दर्शक यांसारखे त्यांचे शब्द भाषेने आनंदाने स्वीकारले, कारण ते अचूक होते आणि सुटसुटीत होते. फार्शी-मराठी कोश रचणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून याच पक्षाची बाजू घेतली. या थोर मंडळींच्या ग्रंथांना नावे ठेवण्याचा माझा उद्देश नाही. त्यांच्या मार्गाने आजचे कैवारी जाताना एक गोष्ट मात्र विसरतात, ती ही की पूर्वजांनी हाती घेतलेले शब्द प्रामुख्याने पदांचे, संस्थांचे, व्यवहाराचे होते. मोडण्याचा आणि थकण्याचा शब्द त्या जातीचा नसतो. त्याच्या पोटात एक फिर्याद असते, आणि फिर्यादीत आरोपीचे नाव पुसले गेले तर अक्षर कितीही सुंदर असले तरी उपयोग नाही.

फार्शी वळणाच्या एका शब्दाकडेच पाहावे. गावचा हातपंप बंद पडला की ग्रामपंचायतीच्या दफ्तरात ‘नादुरुस्त’ अशी नोंद होते. हा शब्द शुद्धिवाद्यांच्या यादीत केव्हाच बहिष्कृत ठरावा. परंतु त्याच्या रचनेतच दुरुस्तीचे कर्तव्य गृहीत आहे, कोणीतरी दुरुस्त करावयास हवे होते आणि केले नाही, असे तो उच्चारताक्षणी सांगतो. नागभीड, सिंदेवाही, सावली या भाताच्या पट्ट्यांतील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक आता मामा तलाव म्हणतात, ते १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले आणि त्यांपैकी कित्येकांचे सांडवे फुटके व पोटे गाळाने भरलेली अशी अवस्था झाली. या तलावांना ‘नादुरुस्त’ म्हणणे हा सरकारी दफ्तरातील सर्वांत प्रामाणिक शब्दप्रयोग आहे असे मला वाटते. ‘क्षतिग्रस्त’ म्हटल्याने ते अधिक मराठी होणार नाहीत. क्षती कोणत्या कर्तव्याच्या चुकीतून झाली एवढे मात्र अस्पष्ट होईल.

आता यंत्रांचे शब्द. चंद्रपूर शहराला लागून ऊर्जानगर येथे जे महाऔष्णिक वीजकेंद्र आहे, ज्याची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे, तेथील कामगाराच्या तोंडी बंद पडण्याचे अनेक निरनिराळे शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. संच ‘ट्रिप झाला’ म्हणजे तो मोडला असे नव्हे. बाष्पकातील पाण्याची पातळी, भट्टीतील दाब, टर्बाइनचे कंपन किंवा बेअरिंगचे तापमान यांपैकी एखादी गोष्ट मर्यादा ओलांडू लागली आणि मोठा विध्वंस होऊ नये म्हणून संरक्षक यंत्रणेने स्वतःच संच थांबविला, असा त्याचा अर्थ. ‘ट्यूब लीकेज’ म्हणजे बाष्पकातील नळी फुटली, बहुधा राखेच्या घर्षणाने झिजून; यात कोळशाच्या प्रतीचा प्रश्न येतो, कारण राख जितकी अधिक तितकी झीज अधिक. ‘शटडाउन घेतला’ म्हणजे माणसांनी ठरवून बंद केला, आणि ते ठरविणाऱ्याची सही कोठेतरी आहे. ‘ओव्हरहॉल’ म्हणजे नियोजित दुरुस्ती, जी पुढे ढकलली की वरील तिन्ही प्रकार वाढतात. या चारांना मिळून ‘संच निकामी झाला’ असे शुद्ध मराठीत लिहिणारा वार्ताहर भाषेची सेवा करीत नाही, कारण त्या एका वाक्यात कोळसा खराब होता की देखभाल चुकली की यंत्रणेने आपले काम चोख बजावले, हा भेदच नाहीसा होतो. १९८० च्या दशकात हे केंद्र उभे राहिले तेव्हा आसपासच्या खेड्यांतील, शेतीतून उठून आलेल्या मुलांनी हे शब्द पाळीपाळीने काम करताना आत्मसात केले, त्यांना मराठी प्रत्यय लावले, ‘ट्रिपला’, ‘लीकेज निघाले’ अशी त्यांची रूपे चालविली. ज्या शब्दाला आपली विभक्ती लागली आणि ज्याच्या चुकीने माणसाचा जीव जाऊ शकतो, तो शब्द त्या माणसाचा झाला. त्याला परका म्हणण्याचा अधिकार लेखणी धरून बसलेल्यांना नाही.

याच वीजकेंद्राच्या संदर्भात एका शुद्ध शब्दाचे उदाहरण देतो. मागणीच्या मानाने वीज अपुरी पडू लागली आणि गावोगाव तासन्‌तास पुरवठा तोडला जाऊ लागला, तेव्हा लोक त्याला ‘लोडशेडिंग’ म्हणत होते आणि सरकारने त्याला ‘भारनियमन’ असे नाव दिले. शब्द चांगला घडविला आहे, रुळलाही आहे. पण ‘नियमन’ म्हटल्याने जे सुचते ते व्यवस्थेचे, शिस्तीचे. प्रत्यक्षात होत होते ते पुरवठा कमी पडल्यामुळे दुर्बळ ग्राहकाची वीज आधी तोडणे. ज्या जिल्ह्याच्या कोळशावर आणि इरई धरणाच्या पाण्यावर राज्यभराचे दिवे लागत होते, त्याच जिल्ह्यातील खेड्यांना अंधारात बसवून त्याला ‘नियमन’ म्हणणे हे मला शब्दाचे सौंदर्य वाटत नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी आटले आणि संच बंद ठेवावे लागले, तेव्हाही ‘जलसंकट’ या भारदस्त शब्दाने सर्वांची सोय केली. धरण कोणासाठी किती राखून ठेवावयाचे होते हा हिशेब त्या शब्दात मावत नव्हता.

परंतु माझ्या प्रतिपादनाचा मुख्य आधार घुग्घुस आहे. चंद्रपूरपासून जवळच, वर्धा नदीच्या काठी वसलेल्या या कोळशाच्या गावाखाली ब्रिटिश काळापासून भूमिगत खाणकाम झालेले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत उतरले आणि काही क्षणांत साठ-सत्तर फूट खोल खड्ड्यात नाहीसे झाले. घरातील माणसे जमीन हलल्याचे जाणवताच बाहेर धावली म्हणून वाचली. आसपासची शंभराहून अधिक कुटुंबे घरे सोडून अन्यत्र हलवावी लागली. या घटनेला वृत्तपत्रांतून आणि सरकारी बोलण्यातूनही कोणता शब्द दिला गेला? ‘भूस्खलन’. आणि त्या कुटुंबांना ‘भूस्खलनग्रस्त’.

हा शब्द निर्मळ संस्कृत आहे. त्याच्यात इंग्रजीचा लवलेशही नाही, भाषाशुद्धीच्या कोणत्याही न्यायासनापुढे तो निर्दोष सुटेल. आणि तरीही तो असत्य आहे. भूस्खलन म्हणजे डोंगराची माती, दगड उतारावरून सुटून खाली येणे. माळीण येथे २०१४ मध्ये, तळीये येथे २०२१ मध्ये झाले ते भूस्खलन, आणि त्याला अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. घुग्घुसला डोंगर कोठे आहे? तेथे सपाट जमीन आहे आणि तिच्याखाली पोकळी आहे. भूमिगत खाणीत कोळसा काढताना मध्ये मध्ये कोळशाचेच खांब छताला आधार म्हणून राखले जातात. पुढे तेही काढून घेतले तर किंवा कालांतराने ते खंगले तर वरचे थर खाली बसतात आणि ती बसण शेवटी पृष्ठभागावर येऊन पोचते. म्हणूनच रिकाम्या झालेल्या गाळ्यांत वाळू भरावयाची असते, आणि म्हणूनच वस्तीखालचे खांब काढण्यास खाण सुरक्षा महानिदेशालयाची अनुज्ञा लागते. याला खाणकामगार ‘सबसिडन्स’ म्हणतो, आणि कामगाराची आई ‘जमीन खचली’ म्हणते. दोघांचेही बरोबर आहे. दोघांच्याही शब्दांत जमिनीखाली काहीतरी काढून घेतले गेले होते हे स्पष्ट आहे. केवळ सुशिक्षितांच्या शुद्ध शब्दात ते नाही.

हा निव्वळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल तर त्याने आपत्ती निवारणाचे नियम उघडून पाहावे. पूर, वीज, गारपीट, भूकंप यांच्यासोबत भूस्खलन हे नैसर्गिक आपत्तींच्या यादीत आहे. त्याची मदत सरकारच्या आपत्ती निधीतून, म्हणजे जनतेच्या कोशातून, ठराविक दराने होते आणि ती दयेच्या स्वरूपाची असते. खाणीमुळे खचलेली जमीन त्या यादीतली नव्हे. तिचा मोबदला मागावयाचा असतो तो ज्याने कोळसा काढून नेला त्याच्याकडे, आणि मागावयाचा असतो तो हक्काने. एका शब्दाने खाण अदृश्य झाली आणि पाऊस दोषी ठरला. ज्या बाईचे घर सत्तर फूट खाली गेले तिला निसर्गाची बळी म्हणावयाचे की कोळशाच्या हिशेबातील थकबाकीदार कोण ते विचारावयाचे, हा प्रश्न भाषेच्या कैवाऱ्यांनी प्रथम विचारावयास हवा होता. त्या दिवसांत त्यांच्यापैकी कोणी ‘भूस्खलन’ या शब्दावर आक्षेप घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ‘ब्रेकडाउन’वर मात्र लेख येत राहिले. मला याचे दुःख आहे, कारण भाषेवर खरोखर प्रेम करणाऱ्यांची शक्ती या देशात फार थोडी आहे आणि ती चुकीच्या दरवाजावर खर्च होत आहे.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्याविषयी माझे आणि तक्रारकर्त्यांचे मत जुळते, मात्र कारणे अगदी वेगळी आहेत. तो शब्द ‘वीकनेस’. दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तालुक्याच्या खाजगी दवाखान्यांत, आणि ज्यांच्या हातात वैद्यकाची पदवी नाही अशांच्या खोल्यांत, हा शब्द रोज शेकडो वेळा उच्चारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा एक सलाईनची बाटली हे असते. अर्ध्या लिटरच्या, पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. एवढी साखर घरच्या डब्यातील काही चमच्यांत सापडते. त्या बाटलीसाठी मात्र तेंदूपानांच्या हंगामात संकलनाच्या फळीवर पुडे मोजून मिळविलेली मजुरी मोजावी लागते. शब्द परका आहे म्हणून मला तो खुपत नाही. एका शब्दात दहा रोग कोंबले जातात आणि त्यांतला एकही ओळखला जात नाही, म्हणून खुपतो.

या भागातील माणूस वीकनेस हा शब्द शिकण्यापूर्वी काय म्हणत असे ते आठवावे. ‘अंग मोडून येते’ म्हणत असे, आणि पाठोपाठ हुडहुडी भरते असे सांगत असे. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत वर्षानुवर्षे मोठा वाटा उचलणाऱ्या गडचिरोलीत हे वाक्य ऐकणाऱ्याने रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यावयास हवा. ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘चढावर धाप लागते’ म्हणत असे. ते रक्त कमी असल्याचे सांगणे होते. ‘खंगत चालला’ असे घरची माणसे म्हणत, आणि सोबत संध्याकाळचा ताप व खोकला असेल तर क्षयाची शंका यावयास हवी. ‘ऊन लागले’ म्हणत असे. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांना भिडतो तेथे हा उपमा-अलंकार नसून निदान असते. ‘हातपाय गळाले’ हे उपासाचे असू शकते आणि भयाचेही. ‘सांधे धरतात, डोळे पिवळे होतात, लेकरू खेळता खेळता बसते’ असे सांगणाऱ्या आईचा प्रत्येक शब्द वैद्याने जपून लिहून घ्यावा, कारण ते सिकलसेलचे वर्णन असू शकते.

सिकलसेलविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. या रोगात रक्तातील हिमोग्लोबिनच्या रचनेत जन्मतः एक दोष असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना देतात आणि लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवसांतच नष्ट होते. भारतात हा रोग प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील, म्हणजे आपल्याच भागातील, सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले ते जुलै २०२३ मध्ये. मधल्या या दीर्घ काळात पूर्व विदर्भातील किती लेकरे ‘वीकनेस’ या एका शब्दाखाली सलाईन घेऊन घरी परत गेली असतील, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते. फॉलिक ॲसिडची गोळी, हायड्रॉक्सियुरियाचा उपचार, विवाहापूर्वी रक्ततपासणी, भरपूर पाणी पिण्याची साधी सूचना, यांतले काहीही त्या शब्दातून सुचत नाही.

आणि बायांचे तर काय सांगावे! डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केल्यावर वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची पाहणी केली, जिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले: तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. गावात राहून, बायांच्याच शब्दांत विचारून, त्यांच्यासमोर बसून ऐकल्यावाचून हे उघडकीस आले नसते. याच संस्थेने पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात अर्भकांची घरोघर काळजी घेतली, आणि ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ मध्ये जगापुढे ठेवले. त्या आरोग्यदूतांना इंग्रजी येत नव्हते आणि संस्कृतप्रचुर मराठीही येत नव्हती. बाळ दूध ओढत नाही, बाळ गार पडले, बाळाचा श्वास भरभर चालला, ही गावची वाक्ये हेच त्यांचे वैद्यकशास्त्र झाले.

यावर शुद्धिपक्षाचे म्हणणे असे की, मग ‘वीकनेस’च्या जागी ‘दौर्बल्य’ किंवा ‘अशक्तपणा’ लिहावे म्हणजे झाले. मुळीच झाले नाही. ‘दौर्बल्य’ हा शब्द ‘वीकनेस’चाच देशी अंगरखा आहे, त्याच्याखालीही तेच दहा रोग झाकले जातील आणि बाटली तीच लागेल. रुग्णपत्रिकेवर शब्द कोणत्या भाषेतला आहे याचे मला महत्त्व नाही, रुग्णाने सांगितलेले वाक्य तेथे जसेच्या तसे उतरले आहे की नाही याचे आहे. झाडीबोलीत सांगितले असेल तर झाडीबोलीत, माडियात सांगितले असेल तर ते समजणाऱ्याला विचारून.

कारखान्यांविषयी थोडक्यात. १९८५ च्या कायद्याने ‘सिक इंडस्ट्रियल कंपनी’ ही संज्ञा आणली आणि मराठीने तत्परतेने ‘आजारी उद्योग’ असे भाषांतर केले. मूळ शब्दही दोषी, भाषांतरही तितकेच. रोग कोणालाही होतो, त्यात कोणाचा अपराध नसतो. गिरणी मात्र कोणीतरी कर्ज बुडविल्याने, यंत्रे जुनी ठेवल्याने, नफा अन्यत्र नेल्याने बंद पडते. आपल्या भाषेत यासाठी ‘दिवाळे’ हा रोखठोक शब्द होता आणि फार्शीतून आलेला ‘नादारी’ हाही होता. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेच्या निमित्ताने ते पुन्हा दफ्तरात आले हे चांगले झाले. बल्लारपूरच्या कागद कंपनीचे प्रकरण २०२० मध्ये याच संहितेखाली गेले, तेव्हा कामगारवस्तीत कोणीही गिरणी आजारी आहे असे म्हणत बसले नाही.

याच गिरणीच्या बांबूवरून जंगलाच्या शब्दाकडे जावे लागते. शासकीय अहवालांत जंगलाला ‘डिग्रेडेड’ म्हणतात आणि शुद्ध मराठीत ‘अवनत वन’. दोन्ही शब्दांत जंगल आपले आपणच खालावले असा भास आहे. ते कोणी खालावले? दशकानुदशके कागदासाठी बांबूची जंगले मक्त्याने दिली गेली, आणि गावकऱ्याने घराच्या कुडासाठी चार बांबू आणले तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. अहवालात मात्र चराई आणि सरपण ही कारणे ठळक अक्षरांत येत राहिली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ही मांडणी नाकारली. त्यांच्या हाती आलेले पहिले शस्त्र कोणते होते हे तक्रारकर्त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे: निस्तार हक्क, म्हणजे घरगुती गरजेपुरते वनोत्पन्न घेण्याचे हक्क, जे जुन्या मध्य प्रांताच्या महसूल दफ्तरात निस्तार पत्रकात लिहिलेले होते. त्याच्याच शेजारी ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा, उच्चारास जड असा अरबी-फार्शी शब्द आहे, जो १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आजही विदर्भातील गावांचे वहिवाटीचे हक्क राखून उभा आहे. भाषाशुद्धीच्या आवेशात हा शब्द काढून ‘ग्रामप्रथा-विवरण’ असे काही घातले असते, तर जुन्या दफ्तराशी त्याचा धागा तुटला असता आणि न्यायालयात आदिवासी माणूस रिकाम्या हाताने उभा राहिला असता.

वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढा (लेखा) ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या स्वाधीन झाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ज्या अभ्यासगटाच्या पद्धतीने हे घडविले, तीत ‘ट्रान्झिट पास’, ‘टीपी’ हे इंग्रजी शब्द गावकऱ्यांनी निःसंकोच वापरले. त्या टीपीच्या पुस्तकावर ग्रामसभेचा शिक्का उमटला तेव्हा तो शब्द गोंडीला आणि मराठीला परका राहिला असे मी मानावयास तयार नाही.

तक्रारकर्त्यांचा सर्वांत सबळ मुद्दा अजून उरतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, उसन्या शब्दांना मोकळे रान दिले तर खंगणे, शिणणे, ढासळणे हे धातू पुढच्या पिढीच्या कानांवरून जातील आणि मरतील. ही भीती खरी आहे. शहरातल्या मुलांना ‘शिणवटा’ कळत नाही हे मीही पाहतो. परंतु हे धातू मरतात ते एसटीच्या वाहकाने ब्रेकडाउन म्हटल्यामुळे मरत नाहीत. आरोग्य केंद्रात, तहसील कचेरीत, शाळेत आणि वृत्तपत्रात गावच्या माणसाचे वाक्य कापून त्याजागी एकच सोयीचा शब्द लिहिला जातो, मग तो इंग्रजी असो वा संस्कृत, तेव्हा त्या वाक्यातील बाकीचे शब्द निरुपयोगी होतात. ‘अंग मोडून येते’ सांगून आणि ‘वीकनेस’ सांगून बाटली तीच मिळणार असेल, तर माणूस लांब वाक्य का बोलेल?

म्हणून भाषेच्या कैवाऱ्यांनी एसटीच्या आगारांत आणि वीजकेंद्रांच्या पाळ्यांत प्रतिशब्दांच्या याद्या लावण्याचा उद्योग सोडून द्यावा आणि जेथे शब्द बदलल्याने न्याय बदलतो तेथे आपली विद्वत्ता लावावी. बाह्यरुग्ण पत्रिकेत रुग्णाची तक्रार त्याच्याच वाक्यात लिहिण्याचा दंडक व्हावा, आणि आशा कार्यकर्तीने आणलेली झाडीबोलीतील व माडियातील रोगवर्णने जमवून वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविली जावीत; चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यांना हे काम सहज हाती घेता येईल. वन अहवालांत जंगलाच्या अवनतीपुढे तोडीचा मक्ता, वर्ष आणि मक्तेदार यांची नोंद असावी. आणि घुग्घुसच्या कागदपत्रांत ‘भूस्खलन’ हा शब्द जेथे जेथे असेल तेथे तो दुरुस्त करून ‘भूमिगत खाणकामामुळे जमीन खचली’ असे लिहिले जावे. त्याचबरोबर चंद्रपूर शहरातील लालपेठ आणि महाकाली भाग, बल्लारपूर, राजुरा व घुग्घुस या वस्त्यांखाली जुन्या खाणींचे गाळे नेमके कोठवर गेले आहेत आणि त्यांपैकी किती वाळूने भरले आहेत, याचे नकाशे मराठीत छापून महानगरपालिकेच्या आणि नगरपरिषदांच्या फलकांवर लावले जावेत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात भिंतीला तडा गेलेला दिसताच घरधन्याला कोणाकडे अर्ज करावयाचा ते आधीच ठाऊक असेल.